उत्तर: उत्तर: नवा संगणक, कार्ड 8 की 16? (शुक्रवारपर्यंत सांगा)

मंडळी,
दोन्ही कोटेशनांत फरक फक्त ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा: आरटीएक्स 5060 टीआय, 8 जीबी आणि 16 जीबी. खजिनदार म्हणतात 8 पुरे. नाही पुरत. ब्लेंडरमध्ये (3डी सॉफ्टवेअर) माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या छताचा, सीन उघडा. तीसेक जिन्नस, प्रत्येकाला रंग, चकाकी, उंचसखलपणा अशी तीन 4के टेक्श्चरं, म्हणजे वस्तूवर चढवायची चित्रं. डिस्कवर जेपेग 5 एमबीची असेल, कार्डात ती उलगडून बसते: 4096 × 4096 × 4 बाइट, म्हणजे 64 एमबी. नव्वदांचे साडेपाच जीबी इथेच गेले. वर वस्तूंच्या आकाराच्या जाळ्या, चित्रातले दाणे काढणारा डीनॉइझर, विंडोज. कार्ड भरलं की सायकल्स (ब्लेंडरचं रेंडर करणारं, म्हणजे चित्र काढणारं इंजिन) संगणकाच्या रॅममधून ओढत रखडतं, नाहीतर मेमरी संपली म्हणून थांबतं.
– फोंडा

दादा, पडदा 1080चा आणि त्यावर चिबूड जेमतेम दीडशे पिक्सेलचा. 4के कशाला? सिम्प्लिफाय सेटिंगमध्ये टेक्श्चर लिमिट 2048 करा, 64चे 16 होतात. शिवाय सुपाऱ्या शिफ्ट-डीने वाढवल्यात, प्रत्येक सुपारीची जाळी वेगळी मोजली जाते. ऑल्ट-डीने घ्या, सगळ्या मिळून एकच जाळी वापरतात. आधी सीन झाडा, मग कार्ड.
– म्हापसा

> टेक्श्चर लिमिट 2048 करा
ताई, ती लिमिट सरसकट लागते. कॅमेरा नारळाच्या शेंडीपर्यंत जातो, तिथे काथ्याचा लगदा दिसेल. सुपारीचं मान्य. कार्ड 16चंच.
– फोंडा

ब्लेंडर सोडून बोलू का? शीर्षकं आफ्टर इफेक्ट्समध्ये होतात, तिथे रॅम लागते. 1080ची एक फ्रेम 16-बिट रंगाला साडेसोळा एमबी. 25 फ्रेमने मिनिटभराचा प्रिव्ह्यू झाला 25 जीबी. 64 जीबी रॅम ठीक, पण कोटेशनात 16 जीबीच्या चार पट्ट्या आहेत त्या खोडा. रायझन 9900एक्स प्रोसेसरवर चार डीडीआर5 पट्ट्या लावल्या की रॅमचा अधिकृत वेग 5600वरून 3600वर येतो. 32च्या दोन घ्या.
– वास्को

पट्ट्यांचं कळलं. यूपीएस जुनाच ना? 600 व्हीएचा आहे.
– खजिनदार

काका, 600 व्हीए म्हणजे साधारण 360 वॉट. कार्ड 180, प्रोसेसर भरात 162, झालेच की 342. बोर्ड, पंखे, मॉनिटर कशावर चालवायचे? 1500 व्हीए, प्युअर साइनवेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) घ्या. चौकोनी लहरीवर हे नवे पॉवर सप्लाय कधीकधी तिथल्या तिथे बंद पडतात. हा यूपीएसही काही मिनिटांचाच, पावसाळ्यातली रात्र काढणार नाही. म्हणून रेंडर एमपी4मध्ये नको, पीएनजी सिक्वेन्स काढा, प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्र-फाइल. एमपी4 अर्धवट राहिली की बहुधा उघडतच नाही. पीएनजीत एक फ्रेम जाते. ती अर्धवट फ्रेम हाताने पुसायची, ओव्हरराइट बंद करून पुन्हा रेंडर लावायचा, राहिलेल्याच फ्रेम होतात.
– पणजी

संगणक आमच्याकडे ठेवा, एसी आहे.
– मडगाव

एसी बंद करून लगेच खिडक्या उघडता, बाहेर पाऊस. गार कॅबिनेटला आतून दंव धरतं.
– म्हापसा

16 जीबी, 32च्या दोन, 1500 व्हीए. कोटेशन दुरुस्त करून आणा, सही करतो. संगणक कार्यालयातच राहील आणि किल्ली माझ्याकडे.
– खजिनदार