अडीच वर्षांचं पोर, सोबत सासूबाई आणि क्रूझ: अगत्तीला उतरावं की जहाजातच बसावं?

रावपुऱ्याची_सून विचारते:

नमस्कार मंडळी. ह्यांच्या ऑफिसातल्या काही जणांनी मिळून फेब्रुवारीतली क्रूझ ठरवली आहे, मुंबईहून लक्षद्वीप आणि परत. आम्ही तिघं आणि सासूबाई. जहाज सकाळी अगत्तीजवळ थांबतं, लहान बोटींनी बेटावर नेतात आणि दुपारनंतर परत आणतात, एवढंच एजंटनं सांगितलंय. पुढे काही विचारलं की "मॅडम, सगळं अरेंज असतं" हे एकच उत्तर.

मुलगा अडीच वर्षांचा. त्यानं आजवर समुद्र पाहिला तो कावी-कंबोईचा. स्तंभेश्वराच्या दर्शनाला गेलो तेव्हा ओहोटी होती, त्याला ते चिखलाचं मोठं शेतच वाटलं. त्यामुळे पाण्याला घाबरेल की थेट आत धावेल, काही अंदाज नाही. दुपारी एक ते तीन झोपला नाही तर संध्याकाळी घर डोक्यावर घेतो. वरण-भात, थेपला, केळं यापलीकडे तोंडात काही जात नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण "मी येणारच" म्हणून बसल्यात.

ह्यांचं म्हणणं, एवढे पैसे भरून बेटावर पाय ठेवायचा नसेल तर घरीच काय वाईट होतं. माझं म्हणणं, हलत्या बोटीत पोराला घेऊन उतरायचं, उन्हात दिवस काढायचा, आणि त्यानं भोकाड पसरलं तर निघून यायला आपली गाडी नाही. लहान मूल घेऊन कुणी गेलंय का? बोटीचं, उन्हाचं, झोपेचं कसं जमवलं ते नीट सांगा. 'खूप मजा येते' सांगू नका, ते एजंटनं सांगून झालंय.

अलकापुरीचा_बंटी:

आम्ही गेलो होतो, पण तेव्हा मुलं नव्हती. पाणी एक नंबर. काचेच्या तळाची बोट, स्नॉर्कलिंग, सगळं केलं. मूल असेल तर दोघांपैकी एकाला किनाऱ्यावर बसावं लागणार हे धरूनच चाला. कोण बसणार याचं भांडण बडोद्यातच उरकून घ्या.

मांजलपूरची_आजी:

सूनबाई, उतरा. नात तीन वर्षांची असताना मी लेक-जावयाबरोबर गेले होते, तेव्हा तुमच्या सासूबाईंच्या बाजूनंही बोलते.

आधी बोटीचं. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा आहे आणि आतलं पाणी उथळ, म्हणून जहाज बाहेर खोल पाण्यात उभं राहतं. जहाजाच्या पोटातल्या दारातून लहान बोटीत पाय टाकायचा. बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते. खलाशी हात धरून "रुको, रुको" करत थांबवतो, बोट वर आली की "आओ" म्हणतो. तेव्हाच पाय उचलायचा, मनात शंका काढत बसायचं नाही. मुलाला कडेवर घेऊन चढू देत नाहीत, आधी त्याला हातोहात पलीकडे देतात. नातीला मी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, उद्या एक टोपीवाले काका तुला उचलून बोटीत ठेवतील. सकाळी तिनं स्वतःहून हात वर केले. आमच्या मागचं एक पोर मात्र अनोळखी हातात गेल्याबरोबर असं किंचाळलं की सगळी बोट गप्प!

लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचंच मागून घ्या. मोठ्यांचं जॅकेट घट्ट आवळलं तरी मूल खालून निसटतं. पायांमधून पट्टा जाणारं मिळालं तर उत्तम. बाबागाडी केबिनमध्येच ठेवा, वाळूत तिचं एक चाक फिरणार नाही. सामान पाठीवरच्या पिशवीत, दोन्ही हात मोकळे. सासूबाईंना सांगा, साडी नको, पंजाबी ड्रेस घाला. जावयासमोर मी पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला तो त्या बोटीसाठी, आणि आता देवळातही तोच घालते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या बोटीनं जा आणि बाराच्या आत परतीच्या बोटीत बसा. लोक नाश्त्याला रेंगाळतात तेव्हा तुम्ही खाली उतरलेले असायला हवं. आमच्या जहाजाचं उतरवण्याचं काम चोख होतं, परतीचं मात्र नुसता गोंधळ. दुपारी सगळे एकदम धक्क्यावर आले, डोक्यावर छप्पर नाही, पाण्याचे ग्लास संपलेले, आणि कुठली बोट कुणाची ते सांगायला माणूस नाही. आम्ही तोपर्यंत जहाजात जेवून नातीला झोपवलं होतं. जावई मागे राहिले होते, ते परत आले ते टोमॅटोसारखे लाल होऊन. म्हणजे झोपेचं उत्तर हेच, झोप केबिनमध्ये. बेटावर झोपवायच्या भानगडीत पडू नका.

किनाऱ्यावर काय करायचं म्हणाल तर काही करायचं नाही. ॲक्टिव्हिटीचे तक्ते लावलेले असतात, त्यातलं एकही या वयाच्या कामाचं नाही. काचेच्या बोटीत मोठी माणसं खाली माना घालून बसतात, पोराला ती काच गढूळ खिडकीसारखी दिसते आणि दुसऱ्या मिनिटाला ते उठतं. आमच्या बाईसाहेबांचा निम्मा वेळ एका खड्ड्यात गेला. हातभर खणलं की खालून पाणी वर यायचं, कडा ढासळायची, की पुन्हा खणायचं. मग एक शंख चालायला लागला! शंखात राहणारा खेकडा, चिंचोक्याएवढा. हात नेला की पाय आत ओढून दगड होऊन बसायचा. आपण श्वास धरून गप्प राहिलं की आधी मिशा बाहेर, मग टाचणीच्या डोक्याएवढे दोन डोळे, मग एक नांगी, आणि लागला तुरुतुरु पळायला. नात पोटावर झोपून त्याच्या नाकासमोर नाक लावून बसली होती. तिला मोठं पाणी दाखवायची घाई आम्ही केली नाही. खेकड्याच्या मागे मागे तीच पाण्यात घोट्यापर्यंत गेली.

शंख-प्रवाळ पिशवीत घालू नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं, मेलेला तुकडासुद्धा उचलता येत नाही. शंखाचं तर तुम्हीच बघा, एखाद्या खेकड्याचं घर उचलून आणाल.

जुनी सुती साडी न्या. दोन झाडांना बांधली की सावली, अंथरली की चटई, ओली करून अंगावर टाकली की गारवा. फक्त नारळ लगडलेल्या माडाखाली बसू नका, वर बघून जागा धरा. आणि वाळूचं: कोरड्या पायावर थोडी पावडर चोळली की चिकटलेली वाळू भुरभुर गळून पडते, धुवायला नको.

रावपुऱ्याची_सून:

काकू, खूप आभार. बाराच्या आत परत यायचं हे ह्यांना वाचून दाखवलं, तोंड वाकडं झालं पण हो म्हणाले. दोन शंका राहिल्या. बोट लागते त्याचं काय? हा गाडीत पावागढच्या घाटातही उलटी करतो. आणि सनस्क्रीन एवढ्या लहानाला चालतं का?

वाघोडियारोड_सिस्टर:

मी मुलांच्या वॉर्डात काम करते, म्हणून लिहिते. मळमळीचा त्रास दोन ते बारा वयात सगळ्यात जास्त होतो, दोनच्या आतल्यांना सहसा होत नाही. म्हणजे तुमचा बरोबर त्या वयात आलाय. घरात पडून असलेली ॲव्होमिन मात्र अर्धी मोडून देऊ नका. ते प्रोमेथाझिन आहे, दोन वर्षांखाली अजिबात द्यायचं नसतं, आणि त्यापुढेही डोस वजनावर ठरतो. निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून औषध आणि डोस लिहून घ्या. जहाज मोठं असल्यामुळे तिथं त्रास कमी होतो. केबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर मागितलीत तर आणखी कमी. लहान बोटीत त्याला मोबाइल देऊ नका, लांब किनाऱ्याकडे बघायला लावा. पोट रिकामंही नको आणि टम्मही नको, कोरडा खाखरा हातात द्या.

सनस्क्रीन सहा महिन्यांनंतर चालतं. झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० किंवा वर, निघण्याआधी लावायचं आणि दर दोन तासांनी पुन्हा, पाण्यातून आल्यावर लगेच. कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू आणि पावलांची वरची बाजू लोक हमखास विसरतात. पण माझा भर कपड्यांवर: पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टी-शर्ट, हनुवटीखाली पट्टी असलेली टोपी. वारा असतो म्हणून ऊन लागत नाही असं वाटतं. पांढरी वाळू खालूनही किरण परतवते, सावलीत बसलं तरी ते पोचतात.

पायात रबरी बूट हवेतच, चपला लाटेत निघून जातात. प्रवाळाचा ओरखडा साधा दिसतो, पण बारीक कण आत राहतात आणि जखम चिघळते. साबण-पाण्यानं तिथल्या तिथं नीट धुवा. जेलीफिश चावलं असं वाटलं तर चोळू नका, वाळू लावू नका, समुद्राच्याच पाण्यानं धुवा आणि जहाजावरच्या डॉक्टरांकडे न्या. ओआरएसचं २०० मिलीचं छोटं पाकीट ठेवा. एक लिटरचं पाकीट ग्लासात ढवळून पाजणारे आईबाप मी रोज बघते.

आजी, पावडरीचं एक सांगू? टाल्कम लहान मुलाच्या नाकात जाऊ नये. त्याऐवजी कॉर्नफ्लॉवर न्या, तसंच काम करतं, आणि तेही पायालाच, वाऱ्याकडे पाठ करून.

आणि घोटाभर पाणी असलं तरी एका मोठ्या माणसानं त्याच्यापासून हातभर अंतरावरच राहायचं. फोटो काढणारा माणूस म्हणजे लक्ष ठेवणारा नव्हे.

निवृत्त_इंजिनियर_वाडी:

ताई, मुलानं कंबोईचा समुद्र पाहिलाय म्हणून लिहितो. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक १० मीटरच्या आसपास जातो, म्हणून तिथं समुद्र येतो आणि पळून जातो. लक्षद्वीपला हाच फरक जेमतेम एक-दीड मीटर. सकाळी जिथं चटई टाकाल तिथून पाणी फार हलत नाही, लाटा बाहेरच्या कठड्यावर फुटतात. पोर घाबरण्यासारखं काही नाही.

मात्र बेटावर गोडं पाणी मोलाचं. जमिनीखाली गोड्या पाण्याचा पातळ थर, त्याखाली खारं. अगत्तीला २०११ पासून समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आहे: वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ करायचं आणि खोल समुद्रातल्या गार पाण्यानं ती वाफ थंड करायची. तेव्हा वाळूचे पाय धुवायला नळ सोडून उभे राहू नका. प्यायचं पाणी जहाजातूनच भरून न्या.

आणि परमिट. लक्षद्वीपला आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो, क्रूझवाले काढतात, पण मुलाचा कागद तुम्ही द्यायचा. निळं बाल आधार झालं नसेल तर आजच लागा, जन्मदाखल्याचीही प्रत ठेवा. बेटावर दारूबंदी आहे, मित्रमंडळींना आधीच सांगा. गावातून फिरताना अंगभर कपडे.

मांजलपूरची_आजी:

सिस्टर, बरोबर, कॉर्नफ्लॉवरच न्या. सूनबाई, एक राहिलं. लंगोट सुटला नसेल तर जहाजावरच्या पूलमध्ये बहुतेक ठिकाणी मुलाला उतरू देत नाहीत, स्विम डायपर असला तरी. बादली-फावडं घेऊन डेकवर गेलात तर परत पाठवतील आणि तो रडेल. तेव्हा पाण्यात खेळायचं ते बेटावरच. आणि जाताना समुद्राला लाट मोठी असेल तर कप्तान बेटाचा थांबा रद्दही करतो, हे तिकिटाच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मुलाला आधीपासून 'बेट, बेट' करून ठेवू नका. 'मोठ्या बोटीत बसायचंय' एवढंच सांगा.

रावपुऱ्याची_सून:

बाल आधारचं काम उद्या करते. सासूबाईंना पंजाबी ड्रेसचं सांगितलं. म्हणाल्या, "त्या मांजलपूरच्या बाईंना विचार, शिंपी कोण त्यांचा?"

मांजलपूरची_आजी:

तयार घेतला होता, मंगळबाजारातून. भाव करायला त्यांनाच पाठवा.