डी6-ब्रेनच्या केंद्रातली सिंग्युलॅरिटी खरी आहे का?

संहिता: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी स्ट्रिंग सिद्धांतातल्या ब्रेनची (पडद्यासारख्या पसरलेल्या वस्तूंची; डी3, डी6 यांतला आकडा म्हणजे त्या किती मितींत पसरल्यात ते) सोल्यूशन्स वहीवर सोडवतेय. डी3 जमलं. केंद्रापासूनचा आर शून्याकडे नेला तरी ब्रेनभोवतीच्या गोलाची त्रिज्या एल या ठरावीक लांबीवर थांबते. रिची स्केलर (वक्रतेचं एका आकड्यातलं माप) शून्य आल्यावर मी खूश झाले, पण मग कळलं की अँटी-डी सिटर या ऋण वक्रतेच्या भागाचा −20 आणि गोलाचा +20 एकमेकांना खातात, त्यावरून काहीच ठरत नाही. रिची टेन्सरचा (त्याच वक्रतेच्या सुट्या घटकांच्या कोष्टकाचा) वर्ग केला, तर 160 भागिले एलचा चौथा घात. म्हणजे वक्रता आटोक्यात.

डी6ला मात्र वक्रता आरच्या उणे दीड घाताने भडकते, केंद्राशी अनंत होते (हीच सिंग्युलॅरिटी), आणि झाकायला कृष्णविवरासारखं क्षितिजही नाही. हे सोल्यूशन टाकून द्यायचं का?

आबा_काका: अजिबात टाकू नकोस! अकराव्या मितीत जा, म्हणजे स्ट्रिंगच्या दहा मितींमागच्या एम-सिद्धांतात. डी6 म्हणजे तिथला कालुझा-क्लाइन मोनोपोल (गुंडाळलेल्या मितीच्या वर्तुळाला पीळ पडून बनलेली वस्तू), भौतिकशास्त्रज्ञ पॉल टाउनसेंड यांनी 1995 मध्ये दाखवलेला. केंद्राजवळ मेट्रिकमधलं फलन एच = एम/आर (एम हा स्थिरांक) धर आणि नवा चल रो घेऊन आरच्या जागी रो वर्ग भागिले 4एम घाल. एच गुणिले डीआर वर्ग याचं नुसतं डीरो वर्ग होतं. उरलेले दोन कोन आणि अकराव्या मितीचं वर्तुळ मिळून तीन मितींचा गोल, त्रिज्या रो. म्हणजे साधी सपाट चार मितींची जागा! ते वर्तुळ केंद्राशी मिटतं, ध्रुवावर अक्षवृत्त मिटतं तसं. दहा मितींत वर्तुळ दिसत नाही, म्हणून तिथे फाटल्यासारखं वाटतं.

निखिल: पण यावरून सगळ्याच सिंग्युलॅरिटी भासमान समजू नकोस. अकरा मितींतल्या ब्रेनपैकी एम5 पूर्ण गुळगुळीत आहे, पण एम2च्या क्षितिजाआड खरीखुरी सिंग्युलॅरिटी आहे.

संहिता: काका, केलं! आत्ताच, चहा निवायच्या आत. डीरो वर्ग समोर आला तेव्हा अंगावर काटा आला. पण त्या वर्तुळावरच्या कोनाचा फेरा 4पाय भरला तरच हे जमतं ना? एकावर एक एन डी6 असतील तर?

आबा_काका: बरोबर जागी बोट ठेवलंस. तेव्हा फेरा 4पाय भागिले एन, म्हणून टोकाशी शंकूसारखी ऑर्बिफोल्ड सिंग्युलॅरिटी उरते, आणि ती अकरा मितींतही जात नाही. तिथे एन−1 गोल मिटलेले असतात. त्यांच्यावर गुंडाळलेल्या एम2चं वस्तुमान शून्य होतं आणि एसयू(एन) गेज सिद्धांताचे (अणुकेंद्रातल्या प्रबळ बलासारख्या बलांच्या सिद्धांताचे) कण मिळतात. एन = 2 घेऊन तो एक गोल आधी काढून बघ.