म्युनिकमध्ये दोनच दिवस असतील, तर होफब्रॉयहाउस वगळावे का?

धागाकर्ता : इसारकाठ

म्युनिकला दोन दिवसांसाठी येणाऱ्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात एक संध्याकाळ होफब्रॉयहाउस या तेथील प्रसिद्ध बिअरहॉलसाठी आधीच राखलेली असते. ती तेथे घालवू नये, असे माझे मत आहे आणि ते येथे चर्चेसाठी मांडतो. तेथील बिअर वाईट आहे असे मुळीच नाही. पण लांबलचक बाकांवर दाटीवाटीने बसून, बँडच्या आवाजात शेजाऱ्याच्या कानाशी ओरडत जेवण्यापेक्षा कितीतरी चांगली सोय या शहराने दोनशे वर्षांपासून करून ठेवली आहे. ती म्हणजे बिअरगार्टन, झाडांच्या सावलीत उघड्यावर बसून बिअर पिण्याची जागा.

पूर्वी बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तेथे, आगीच्या भीतीने उन्हाळ्यात बिअर बनवण्यास बंदी होती. त्यामुळे हिवाळ्यात केलेली बिअर इसार नदीच्या उंच काठावर खोदलेल्या तळघरांत साठवली जाई आणि तळघरे थंड राहावीत म्हणून वर खडी पसरून रुंद पानांची, उथळ मुळांची चेस्टनटची झाडे लावली जात. लोक त्या सावलीतच बसून पिऊ लागले, तेव्हा शहरातील खाणावळवाल्यांनी धंदा बुडतो म्हणून तक्रार केली. १८१२ साली राजा माक्सिमिलियन पहिला याने तोड काढली, ती अशी की बिअरवाल्यांनी तळघरावर बिअर विकावी, पण तिच्यासोबत पावाखेरीज काहीही खायला देऊ नये. मग लोक घरून शिदोरी आणू लागले. हा रिवाज आजही चालू आहे आणि १९९९ सालच्या बव्हेरियन नियमावलीत तर स्वतःचे खाणे आणता येणे ही बिअरगार्टनची ओळखच मानली आहे. अट इतकीच की पेय तेथलेच विकत घ्यायचे आणि ज्या टेबलांवर कापड अंथरलेले असते तेथे बसायचे नाही, कारण तो भाग वाढप्यांचा असतो.

आपल्याकडच्या कुटुंबाचा विचार करा. एकाला डुकराचे मांस चालते, दुसऱ्याला कोणतेच मांस चालत नाही, तिसरीला चतुर्थी आहे आणि चौथा बिअर पीत नाही. ही चारही माणसे एकाच टेबलावर, कोणीही तडजोड न करता जेवू शकतील अशी दुसरी जागा मला या शहरात ठाऊक नाही. मुख्य रेल्वेस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आउगुस्टिनर-केलर आहे, तेथे लाकडी पिंपातली बिअर मिळते. मुले बरोबर असतील तर हिर्शगार्टन बरे, कारण तेथे शेजारीच कुंपणात हरणे असतात. सकाळी विक्टुआलिएनमार्क्ट या बाजारातून पाव, चीज आणि फळे घ्यावीत. मात्र बव्हेरियात दुकाने रात्री आठला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत, त्यामुळे शनिवारी खरेदी विसरली तर रविवारी स्थानकातल्या दुकानांवाचून गत्यंतर नाही.

प्रतिसाद : पिंपळपार

इसारकाठ यांच्या बिअरगार्टनविषयीच्या मजकुराशी माझा वाद नाही, पण त्यासाठी होफब्रॉयहाउसचा बळी देण्याचे कारण मला पटत नाही. गणेशोत्सवात गर्दी होते म्हणून कोणी पुणेकर दगडूशेठचा गणपती खोटा ठरवत नाही. होफब्रॉयहाउस ही पर्यटकांसाठी उभारलेली प्रतिकृती नव्हे. बाहेरून मागवलेल्या बिअरवरचा खर्च वाचावा म्हणून ड्यूक विल्हेल्म पाचवा याने १५८९ साली दरबाराची स्वतःची भट्टी स्थापन केली, तिचा हा वारसा आहे आणि आजही तिची मालकी बव्हेरिया राज्याकडे आहे. तळमजल्याच्या दालनात नेहमीच्या गिऱ्हाइकांची ठरलेली टेबले आहेत आणि त्यांचे मग ठेवण्यासाठी कुलूपबंद जाळीचे कप्पे आहेत. संध्याकाळी आठ वाजता जाऊन गर्दीची तक्रार करण्यापेक्षा आठवड्यातील एखाद्या दिवशी जेवणाच्या वेळेआधी जावे. त्या वेळी तेथे वर्तमानपत्र वाचत बसलेले म्हातारे दिसतात आणि बोलणेही ऐकू येते.

याच वास्तूच्या वरच्या मजल्यावरील सभागृहात २४ फेब्रुवारी १९२० रोजी हिटलरने आपल्या पक्षाचा पंचवीस कलमी कार्यक्रम जाहीर केला. ज्याला या शहराचा इतिहास समजून घ्यायचा आहे, त्याने ही जागा गोंगाटाच्या कारणाने टाळणे मला योग्य वाटत नाही. आत शिरायला तिकीट नाही; पाहावे, आवडले नाही तर निघावे.

दुसरा आक्षेप हवामानाचा. बिअरगार्टनचा सगळा युक्तिवाद ऊन पडण्यावर उभा आहे. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्या मंडळींनी नोव्हेंबरच्या पावसात उघड्यावर शिदोरी सोडायची का? त्या दिवसांत छप्पर असलेल्या बिअरहॉलला पर्याय नाही. २०१० च्या सार्वमतानंतर बव्हेरियात उपाहारगृहांच्या आत धूम्रपानास पूर्ण बंदी आली, त्यामुळे तेथे पूर्वीसारखा धूरही नसतो.

आणि सकाळच्या न्याहारीचा उल्लेख धाग्यात नाही, तो मी करतो. वाइसवुर्स्ट हे पांढरे सॉसेज गरम पाण्यात ठेवूनच वाढतात, सोबत मोहरीची गोड चटणी, ब्रेत्सेन हा गाठीसारखा वळलेला खारा पाव आणि गव्हाची बिअर असते. पूर्वी शीतपेट्या नव्हत्या आणि हे सॉसेज दुपारपर्यंत टिकत नसे, म्हणून दुपारच्या बाराच्या घंटेपूर्वी ते संपवण्याची रीत पडली. त्यात वासराचे मांस आणि डुकराची चरबी दोन्ही असतात, हे आपल्याकडच्या बहुतेक पाहुण्यांना आधी सांगावे लागते.

प्रतिसाद : वरणभात

वरील दोन्ही सल्ले ज्यांना सर्व काही चालते अशांसाठी आहेत. मी सत्तरीच्या शाकाहारी आई-वडिलांसह गेले होते आणि बव्हेरियन भोजनपत्रिकेतील जे पदार्थ वरवर शाकाहारी दिसतात, त्यांच्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. तेथील बटाट्याच्या सॅलडमध्ये दह्यासारखे काही नसते, ते उकळत्या रसात मुरवतात आणि तो रस पुष्कळदा मांसाचा असतो. लाल कोबी शिजवताना डुकराची चरबी घालण्याची पद्धत आहे. पावाच्या उकडलेल्या गोळ्यांत, म्हणजे क्नोडेलमध्ये, बेकनचे तुकडे असू शकतात. केझश्पेट्सले हा चीज आणि तळलेला कांदा घातलेला शेवयांसारखा प्रकार त्यातल्या त्यात भरवशाचा, पण त्यात अंडे असतेच. ज्यांना चीजमधील वासराच्या जठराचे रेनेटही, म्हणजे दूध गोठवणारे विरजणही, चालत नाही, त्यांनी ओबाट्सडाकडेही, म्हणजे मऊ चीज, लोणी आणि पापरिका मळून केलेल्या चटणीसारख्या पदार्थाकडेही, वळू नये.

शिवाय वृद्ध माणसांना पाठ टेकायला जागा नसलेल्या बाकावर दोन तास बसवणे, वर पाणीही विकत आणि ते बहुधा बुडबुड्यांचे, हा सुखाचा प्रकार नाही. माझे स्पष्ट मत असे की दुपारी काय हवे ते करावे, पण रात्री सरळ भारतीय उपाहारगृह गाठावे आणि भात-डाळ खावी. त्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी एकदा स्वतःच्या आई-वडिलांना सलग चार दिवस पाव-चीजवर ठेवून पाहावे.

प्रतिसाद : तिसरा फलाट

वरणभात यांची अडचण खरी आहे, पण उपाय मला मान्य नाही. परदेशातल्या बहुसंख्य भारतीय उपाहारगृहांत पनीर, कोंबडी आणि भाजी हे सर्व एकाच क्रीमच्या रश्श्यात पोहताना आढळते. म्युनिकही त्याला अपवाद नाही. आई-वडिलांना हवे असते ते साधे वरण. ते त्यांना मुख्य रेल्वेस्थानकाच्या दक्षिणेस गोएथेश्ट्रासे, श्वान्थालरश्ट्रासे आणि लांडवेअरश्ट्रासे या रस्त्यांवरच्या तुर्की खाणावळींत मसुराच्या सूपच्या रूपाने मिळेल. लिंबू पिळून, तिखट भुरभुरून, तव्यावरून उतरलेल्या गरम रोटीबरोबर ते खावे. सूपमध्ये मांसाचा रस आहे का, हे मात्र विचारून घ्यावे.

माझे खरे म्हणणे याहून निराळे आहे. या धाग्यात आतापर्यंत म्युनिक म्हणजे बिअर आणि बव्हेरियन ताट एवढेच गृहीत धरले गेले आहे. १९६१ साली पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला, त्यानंतर इस्तंबूलहून कामगारांना घेऊन येणाऱ्या गाड्या याच स्थानकाच्या अकरा क्रमांकाच्या फलाटावर लागत आणि तेथून माणसे जर्मनीभरच्या कारखान्यांत पाठवली जात. या वस्तीतील पावाच्या भट्ट्या आणि मिठाईची दुकाने त्या इतिहासातून उभी राहिली आहेत. ती होफब्रॉयहाउसइतकीच या शहराची आहेत. ज्या मराठी प्रवाशांना हलाल जेवण हवे असते, त्यांचा तर या चर्चेत कोणी उल्लेखही केलेला नाही.

प्रतिसाद : पिंपळपार

स्थानकामागच्या वस्तीत जरूर जेवावे, परंतु दोनच दिवसांसाठी आलेल्या माणसाला प्रथम तेथे पाठवणे मला उलटे वाटते. मसुराचे सूप त्याला बर्लिनमध्ये आणि कोलोनमध्येही मिळेल. चेस्टनटखालची खडी आणि लिटरचा मग तेथे तसा मिळणार नाही.

प्रतिसाद : इसारकाठ

पिंपळपार यांनी शेवटी माझीच बाजू मांडली, त्याबद्दल आभार. हवामानाचा त्यांचा मुद्दा मात्र रास्त आहे. माझी सूचना मे ते सप्टेंबर याच काळासाठी धरावी. त्यातही सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होणारा ओक्टोबरफेस्ट हा बिअरचा उत्सव मुद्दाम पाहायचा नसेल, तर ते दिवस टाळावेत, कारण राहण्याचे भाडे अवाच्या सवा वाढते.

वरणभात यांचे आक्षेप वाचून माझे मत उलट पक्के झाले आहे. त्यांनी मोजलेला प्रत्येक धोका हा दुसऱ्याच्या स्वयंपाकघराचा आहे आणि बिअरगार्टनमध्ये त्या स्वयंपाकघराशी संबंधच येत नाही. आदल्या रात्री मुक्कामाच्या जागी केलेला दहीभात डब्यातून नेला तरी तेथे कोणी वळून पाहत नाही. म्युनिकमधील कुटुंबे स्वतः परड्यांतून सॅलड, थंड मांस, केक, इतकेच काय, टेबलावर घालायचे कापडही घेऊन येतात. तेथे विकत घेण्याजोगा शाकाहारी पदार्थ म्हणाल, तर राडी. पांढरा मुळा सलग मळसूत्री कापून, मीठ लावून, पाणी सुटेपर्यंत ठेवतात. आपल्या आजीला तो कसा करतात हे सांगावे लागणार नाही. न पिणाऱ्यांसाठी सफरचंदाचा रस आणि सोडा मिळून केलेले आप्फेलशोर्ले असते, ते मुलांनाही चालते.

तिसरा फलाट यांचा मुद्दा मी मान्य करतो, पण त्याची जागा दुपारच्या जेवणात आहे. गाडीतून उतरल्या उतरल्या त्या गल्लीत जेवावे आणि संध्याकाळ झाडाखाली काढावी. दोन्ही ठिकाणे स्थानकाच्या दोन बाजूंना आहेत.

प्रतिसाद : वरणभात

दहीभाताची सूचना पटली, पण ती अमलात आणण्यासाठी मुक्कामाला चूल हवी. साध्या हॉटेलच्या खोलीत ती नसते. ज्यांना ही व्यवस्था करायची आहे त्यांनी स्वयंपाकघर असलेली भाड्याची जागा आधीच पाहावी आणि ताटल्या, चमचे, सुरी आपल्याच घ्याव्यात, कारण शिदोरीवाल्यांना त्या तेथे मिळतीलच असे नाही. मगासाठी अनामत घेतात. सोबत दिलेले टोकन जपून ठेवावे. आई-वडिलांसाठी भिंतीलगतचे बाक शोधावे, म्हणजे पाठीचा प्रश्न निम्मा सुटतो. पाऊस आला तर काय, याचे उत्तर मात्र इसारकाठ यांनी अजून दिलेले नाही, आणि तोपर्यंत माझे रात्रीचे भारतीय उपाहारगृह मी यादीतून काढत नाही.