दंडाचं कलम जाडजूड, मुदतवाढ मात्र तोंडी: पुनर्विकासाचे करार नेमके कुठे फसतात?

पाचपाखाडीकर

नौपाडा-पाचपाखाडीत सध्या दर दोन गल्ल्यांआड एक इमारत पाडलेली दिसते. सोसायट्यांचे करारनामे वाचायला मिळतात, आणि सगळ्यांचा जीव एकाच कलमात अडकलेला असतो: उशीर झाला तर महिन्याला इतका दंड. मी बांधकाम कंपनीत प्लॅनिंग बघतो, तेव्हा मला बिल्डरच्या बाजूचा म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण दंडाच्या कलमाने एकही स्लॅब लवकर पडलेला मी पाहिला नाही.

काम वेळेत व्हायला मुदतवाढीचं कलम घट्ट लागतं आणि ते दर महिन्याला वापरावं लागतं. उशीर कशामुळे झाला, कधी सुरू झाला, किती दिवस चालला, कुठलं काम अडलं, हे त्याच आठवड्यात लेखी. सरकारी कामांत यासाठी हिंडरन्स रजिस्टर असतं. सोसायटीत काय असतं? बिल्डर मीटिंगला येतो, ‘पाऊस लांबला, तीन महिने द्या’ म्हणतो, चहा होतो, माना डोलावल्या जातात. इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढीच ओळ.

आता करार कायदा, १८७२ चं कलम ५५ बघा. वेळ हा कराराचा गाभा असेल, म्हणजे मुदत चुकली की करार मोडता येईल असं असेल, आणि मुदत उलटूनही तुम्ही उशिराचं काम स्वीकारलंत, तर स्वीकारतानाच ‘भरपाई मागणार आहोत’ अशी नोटीस द्यावी लागते. ती दिली नाही, तर त्या उशिराची भरपाई गेली. वर्षभर गप्प बसून शेवटी दंडाचा हिशेब पाठवणाऱ्या सोसायट्या इथेच आपटतात.

वाशी_सेक्रेटरी

साइटवर बसणाऱ्याला हे सोपं आहे हो. आमच्या समितीत दोन निवृत्त शिक्षक, एक बँकेतल्या मॅडम आणि मी. बार चार्ट, म्हणजे कामाच्या वेळापत्रकाचा तक्ता, कोणी वाचायचा? सिडकोच्या काळातली गळकी इमारत सोडून सभासद भाड्याने राहतायत. बिल्डरने दिलेला भाड्याचा चेक परत आला की रात्री अकराला फोन मला येतो, तुमच्या प्लॅनिंग विभागाला नाही.

दंड म्हणजे आमच्या हातातली एकमेव काठी. सहकार कायद्याच्या ७९अ खाली २०१९ चा शासन निर्णय आहे, त्यात प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटीची, म्हणजे बिल्डर चुकला तर बँकेने पैसे द्यायच्या हमीची, तरतूद आहे. ती मागितली तर बिल्डर म्हणतो, ‘मॅडम, एवढी कोणी देत नाही.’ गॅरंटीही नको, दंडही नको, फक्त रजिस्टर लिहा? उद्या न्यायालयात रजिस्टर दाखवून घरभाडं भरायचं का?

कळव्याचा ठेकेदार

ताई, तुमचं दुःख कळतं, पण माझंही ऐका. घर रिकामं करायची तारीख ठरते, सगळे जातात आणि शेवटचे दोन सभासद अडून बसतात. इमारत अर्धी पाडता येत नाही. ते चार महिने कोणाच्या नावावर?

दुसरं काँक्रीटचं. ठाण्यात अवजड गाड्यांना दिवसा बंदीच्या वेळा आहेत, त्यामुळे मिक्सर संध्याकाळनंतर निघतो. तो घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये सापडून साडेनऊला पोचतो, आणि दहा वाजता शेजारच्या इमारतीतून आवाजाची तक्रार जाते. स्लॅब मध्येच थांबवला तर कोल्ड जॉइंट, म्हणजे जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये कच्चा सांधा, चालू ठेवला तर पोलीस. होळीला लेबर गावी गेलं की परत कधी येईल ते फक्त त्यांच्या मुकादमाला माहीत. यातलं माझं किती ते काढा आणि तेवढाच दंड लावा, माझी ना नाही. सरसकट लावाल तर मी रेटमध्ये आधीच धरणार. कोणीही धरतो.

वकील_ठाणे

पाचपाखाडीकर, कलम ५५ तुम्ही अर्धंच सांगितलंत आणि लोकांना उगाच घाबरवलंत. त्याच कलमाचा दुसरा परिच्छेद म्हणतो की वेळ हा गाभा नसेल, तर उशिरामुळे करार मोडता येत नाही, पण नुकसानभरपाई मात्र मिळते. बांधकामात वेळ गाभा आहे की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९७९ चा हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल आहे. नाशिकच्या डाव्या कालव्यावर आळंदी नदीवरच्या जलसेतूचं काम. करारात वेळ हा गाभा असल्याचं लिहिलं होतं. न्यायालयाने पाहिलं की त्याच करारात मुदतवाढीची सोय आहे आणि उशिराला दंडही आहे. म्हणजे उशीर होऊ शकतो हे दोघांनी आधीच धरलेलं आहे, मग तो गाभा कसा? सरकारने केलेली करार-रद्दी चुकीची ठरली.

तेव्हा तुमच्या बहुतेक सोसायट्यांच्या करारात वेळ गाभा ठरणं अवघड, आणि ‘नोटीस नाही म्हणजे सगळं गेलं’ हेही खरं नाही.

वाशीच्या मॅडम, तुम्हीही फार खूश होऊ नका. त्याच कायद्याच्या कलम ७४ नुसार करारातला दंडाचा आकडा ही कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. २०१५ च्या कैलाश नाथ निकालानंतर ‘नुकसान काहीच नाही, पण आकडा लिहिलाय म्हणून द्या’ हे चालत नाही. तुमचं नुकसान घरभाड्याच्या पावत्यांत आहे. त्या सांभाळा.

पाचपाखाडीकर

वकीलसाहेब, मुद्दा मान्य. गाभा नसेल तिथे नोटिशीवाचून सगळं बुडत नाही. पण गाभा नाही म्हटल्यावर भांडण कशावर उरतं? वाजवी वेळ किती आणि उशीर कोणामुळे, यावरच ना? तिथे परत कागदच लागतो.

पावसाचंच घ्या. ठाण्यात जूनमध्ये पाऊस येणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून चांगल्या करारात ‘मुदत पावसाळ्यासह’ असं लिहितात. साइट डायरीत ‘पाऊस, काम बंद’ एवढीच नोंद असेल तर ती कुचकामी. बाहेरचं प्लास्टर बंद होतं की पाया खणायचं? आत सहाव्या मजल्यावर वीटकाम चालू होतं का? पाया अडला तर मागचं सगळं सरकतं. बाहेरचं प्लास्टर महिनाभर अडलं आणि लिफ्टच अजून आलेली नाही, तर पावसाने शेवटची तारीख हललेलीच नाही, मग मुदतवाढ कसली? हे तीन वर्षांनी लवादासमोर आठवून सांगता येत नाही.

आणि ठेकेदार म्हणतात तेही खरं. सोसायटीने स्वतः चार महिने अडवले असतील तर त्या चार महिन्यांचा दंड लागत नाही. करारात त्यासाठी मुदतवाढ द्यायची सोयच नसेल, तर मूळ तारीखही डळमळते. म्हणजे मुदतवाढीचं कलम सोसायटीच्याच दंडाला टेकू देतं.

सीबीडी_बेलापूर

तुमची ही कलमं सरकारी प्रकल्पांत नव्हती की काय? बेलापूर ते पेंधर मेट्रो, फक्त ११.१ किलोमीटर. काम २०११ ला सुरू झालं, गाडी धावली नोव्हेंबर २०२३ मध्ये. तिथे रजिस्टरंही असणार आणि वकीलही. पैसा आणि इच्छा नसेल तर दोन्ही कलमं सारखीच निरुपयोगी. बिल्डरचा विक्रीचा माल, म्हणजे त्याच्या वाट्याचे फ्लॅट, खपत नसला की काम थांबतं. बाकी पाऊस, मिक्सर, होळी हे सांगायचे बहाणे.

कळव्याचा ठेकेदार

बहाणे म्हणणाऱ्याने एकदा रात्री मिक्सरची वाट बघत उभं राहावं. पण खपाचं बोललात ते लाखातलं. बिल्डरचे पैसे अडले की माझं आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाचं हप्त्याचं बिल, अडतं, मग मी माणसं दुसऱ्या साइटवर हलवतो. मी काय दानधर्माला बसलोय?

वाशी_सेक्रेटरी

एवढ्या चर्चेत एक राहिलंच. काम ‘पूर्ण’ झालं म्हणजे काय झालं? आमच्या मसुद्यात ‘ताबा देण्याचे पत्र दिल्यापासून ३० दिवसांनी भाडे बंद’ असं आहे. पत्र काय, लिफ्ट आणि पाणी नसतानाही देता येतं. आमच्याच सेक्टरात एका सोसायटीला ‘फिट-आउटसाठी ताबा’, म्हणजे आतलं फर्निचर करून घ्या, म्हणून किल्ल्या दिल्या आणि भाडं थांबवलं. पालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र त्यानंतर दीड वर्षाने आलं. दंडाचं कलम होतं, पण बिल्डरच्या मते काम तर पूर्ण झालेलं!

वकील_ठाणे

तो मसुदा तसाच सही करू नका. पूर्णतेची व्याख्याच ‘पूर्ण भोगवटा प्रमाणपत्र, लिफ्टचा परवाना आणि पालिकेचं पाणी’ अशी बांधून घ्या, आणि भाडं त्याला जोडा. फिट-आउटसाठी किल्ल्या घेतल्या तरी भाडं चालू राहील, हे वेगळं वाक्य हवं.

पाचपाखाडीकर

यावर माझा काहीच वाद नाही. फक्त पालिकेकडे प्रमाणपत्राचा अर्ज बिल्डरने कधी करायचा, त्याचीही तारीख घाला. नाहीतर उशीर पालिकेच्या खात्यात टाकून मोकळा होईल.

कळव्याचा ठेकेदार

घाला, पण बिल्डर नाही म्हणेल. आणि हो म्हणालाच तर कार्पेट, म्हणजे सभासदांना मिळणारी घरातली वापराची जागा, दोन-चार टक्के कमी करून मागेल. मीटिंगमध्ये त्याला हात वर करणारे किती निघतात, ते आधी बघा.