सिंहगड चढताना मुद्दाम वजन घ्यायचं का? गुडघ्यांचं काय?

रानवाट: डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठ्याच्या ट्रेकला जायचंय म्हणून आमचा ग्रुप दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड करतोय आणि आता नियमच झालाय की सॅकमध्ये १० किलो हवेतच, कोणी तांदळाची पिशवी टाकतं कोणी पाण्याच्या बाटल्या. चढताना काही वाटत नाही. पण गेल्या रविवारी उतरताना डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली कळ यायला लागली, सोमवारी ऑफिसचा जिना तिरका होऊन एकेक पायरी उतरलो. माझं स्पष्ट मत, हे वजनाचं खूळ बंद करा. तिकडे मोठी सॅक खेचरावर देता येते, मग सांध्यांची वाट कशाला लावायची?

कातळकडा: अजिबात पटलं नाही. दोष वजनाचा नाही, घाईचा आहे. शून्यावरून थेट १० वर गेलास ना? मी ३ किलोपासून सुरुवात केली, दोन आठवड्यांनी एखादा किलो वाढवायचा, मध्ये एक रविवार रिकामी सॅक. भार पडला तर हाडं घट्ट होतात, मांड्या-पोटऱ्या तयार होतात. आणि सॅक कशी भरतोस तेही बघ, जड सामान पाठीला चिकटून हवं आणि कमरेचा पट्टा आवळलेला, नाहीतर सगळं खांद्यावर लोंबकळतं.

सह्यसखी: मी फिजिओ आहे म्हणून सांगते, चढ आणि उतार वेगळे धरा. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, तो दमला की प्रत्येक पावलाचा दणका वाटीमागच्या सांध्याला बसतो. वजन जास्त आणि गुडघ्याचा संधिवात असलेल्या वयस्कर लोकांच्या अभ्यासात दिसलंय की अंगावरचा १ किलो उतरला की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो. सॅकला हाच हिशोब जसाच्या तसा लागणार नाही, पण अंदाज येतो. म्हणून वजन पाण्याचंच घ्या, वर पोचल्यावर लोकांच्या बाटल्या भरा, उरलेलं झाडाला घाला आणि हलकी सॅक घेऊन काठ्या टेकत उतरा. घोट्याला वजनं बांधून मात्र कधीच चढू नका.

कातळकडा: पाणी ओतून यायचं तर उतरायची तयारी कधी होणार? सगळ्याच ट्रेकला खेचर नसतं. गडावर दह्याची मडकी घेऊन चढणाऱ्या मावश्या बघा की, त्या कुठे गुडघे धरून बसल्यात?

मावळाई: मावश्यांचं उदाहरण नका देऊ प्लीज. माझी आत्या पायथ्याच्या गावातली, पंचवीस वर्षं ताक-दही डोक्यावरून वर नेलं तिने. आज तिला चुलीपुढे खाली बसता येत नाही, ओट्याशी उभी राहून भाकरी थापते, खुर्चीतून उठताना आधी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबते मग हळूहळू कंबर सरळ करते. तिला सवय होती, घाई पण नव्हती. घर चालवायचं होतं म्हणून वाहिलं, तुम्ही हौसेने कशाला वाहताय?

कातळकडा: आत्यांचं वाचून वाईट वाटलं, मावश्यांचं मी असं बोलायला नको होतं. पण रोजचं ओझं, विश्रांती नाही, पंचवीस वर्षं, हे आणि आठवड्यातून एकदाचे ५-६ किलो एका तराजूत नाही घालता येत. वजन सोडा हे मला अजून पटत नाही.

रानवाट: बरं मग ह्या रविवारी ५ बाटल्या नेतो आणि वर ओतून येतो.

सह्यसखी: ह्या रविवारी नाही. गुडघा सुजलाय का, मांडी घालून बसता येतंय का ते आधी सांग. ऑफिसचा जिना सरळ उतरता येईपर्यंत गडच नको, रिकामी सॅक घेऊनही नको.