गुलामगिरीवरच्या मालिकांत खरं किती हवं? (‘रूट्स’च्या निमित्ताने)

नदीकाठ (धागा)

गेल्या महिन्यात घरात ‘रूट्स’ पुन्हा पाहिली. १९७७ ची जुनी, लागोपाठ आठ रात्री दाखवलेली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पश्चिम आफ्रिकेत गांबिया नदीकाठच्या जुफुरे गावातला कुंटा किंटे हा तरुण पकडला जातो. ‘लॉर्ड लिगोनिअर’ जहाजातून त्याला १७६७ मध्ये मेरिलंडच्या ॲनापोलिस बंदरात आणतात, तिथे विकतात आणि मग व्हर्जिनियात नेतात. पुढे त्याच्या मुलानातवंडांची गोष्ट. मूळ पुस्तक ॲलेक्स हेली यांचं, आणि त्यांनी ते आपल्याच घराण्याचा इतिहास म्हणून लिहिलं. मालिकेचा शेवटचा भाग अमेरिकेत सुमारे १० कोटी लोकांनी पाहिला होता.

कुंटाला झाडाला बांधून, ‘माझं नाव टोबी’ असं (मालकाने लादलेलं नाव) तोंडातून निघेपर्यंत चाबकाने फोडतात, तो प्रसंग आला आणि माझी मुलगी उठून आत गेली. तिला मी थांबवलं नाही. पण त्या प्रसंगापेक्षा मला जास्त छळतोय तो जहाजाचा कप्तान.

मालिकेतला कप्तान डेव्हिस देवभीरू आहे. गुलामांच्या जहाजावर पहिल्यांदाच आलाय, बायबल वाचतो, मन खातं म्हणून तळमळतो. खरा कप्तान थॉमस डेव्हिस होऊन गेला, पण त्याला अशी टोचणी लागली होती असं कुठलाही कागद सांगत नाही. कागदात आहे ती जाहिरात. १ ऑक्टोबर १७६७ च्या ‘मेरिलंड गॅझेट’ या वर्तमानपत्रात छापून आलं, की गांबिया नदीहून कप्तान डेव्हिसच्या जहाजातून निवडक, धडधाकट गुलामांचा माल नुकताच आला आहे, ७ ऑक्टोबरला विक्री, रोखीने किंवा चांगल्या हुंडीवर. हुंडी! आपल्याकडचा पेढीवाला जे बोलेल तेच.

आणि जहाजात काय भरलं होतं ते हेलींनी नोंदींतून शोधून दिलंय: ३,२६५ हत्तीचे दात, ३,७०० पौंड मेण, ८०० पौंड कापूस, ३२ औंस सोनं, आणि १४० माणसं. बंदरात उतरली ९८.

हा हिशेब डोळ्यांसमोर असताना निर्मात्यांना कप्तानाची तळमळ का लागावी? गोऱ्या प्रेक्षकाला धरून ठेवायला एक बरा गोरा माणूस हवा होता म्हणून. माझं म्हणणं एवढंच आहे: माणसं कल्पनेतली असू देत, संवाद तर असणारच. पण ती व्यवस्था कशी चालायची, कुणाच्या मनाला लागायचं आणि कुणाच्या नाही, यात भर घालू नये. गुलामांचा व्यापार वाईट माणसांनी केला असं दाखवलं की प्रेक्षक सुटतो. तो शांत झोपणाऱ्या, वेळेवर हिशेब देणाऱ्या माणसांनी केला.

---

मिरजकर

नदीकाठताई, कप्तानाबद्दल तुमचं पटलं. पण ‘कागद काय सांगतो’ ही फूटपट्टी मला मान्य नाही, आणि ती मालिकांना लावणं तर मुळीच नाही.

कागद होता कुणाकडे? १८५० आणि १८६० च्या अमेरिकन शिरगणतीत गुलामांची वेगळी यादी आहे. त्यात मालकाचं नाव पूर्ण. त्याखाली रकाने: वय, लिंग, रंग. ३५, पुरुष, काळा. ९, मुलगी, काळी. नाव नाही. पळून गेला का, मुका-बहिरा-आंधळा आहे का, याला रकाना आहे, नावाला नाही. बहुतेकांची नावं पहिल्यांदा शिरगणतीत आली ती १८७० साली. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचा कागदच केला नाही, आणि आता त्यांच्या पणतवंडांनी गोष्ट सांगितली की आपण विचारतो, पुरावा कुठाय?

आणखी एक. ‘रूट्स’च्या दोन-अडीच महिने आधी, नोव्हेंबर १९७६ मध्ये, अमेरिकेत टीव्हीवर ‘गॉन विथ द विंड’ हा जुना सिनेमा लागला होता आणि देश पडद्याला चिकटून बसला होता. त्यातले गुलाम धनिणीचा झगा आवळण्यात आणि तिची काळजी वाहण्यात धन्य होतात. त्याला कुणी तपशिलाची चाचणी लावली? सगळी कडक तपासणी नेमकी काळ्या माणसाने लिहिलेल्या गोष्टीची.

भावना खरी असेल तर तारखा इकडच्या तिकडे झाल्याने माझं काही बिघडत नाही.

---

दौलताबादी

तारीख इकडची तिकडे झाल्याने बिघडतं, मिरजकर. उदाहरण देतो.

हेलींच्या पुस्तकात कुंटाला व्हर्जिनियाच्या स्पॉट्सिल्व्हेनिया परगण्यात कापसाच्या शेतात राबताना दाखवलंय. इतिहासकार विली ली रोज यांनी १९७६ मध्येच लिहिलं की त्या भागात त्या काळी तंबाखू होता. तुम्ही म्हणाल, तंबाखू काय नि कापूस काय, पाठीवर चाबूक तोच. तर नाही.

तंबाखूला रोपं लावा, शेंडे खुडा, पानावरची अळी हाताने वेचा, मग कोठारात टांगून वाळवा. काम थोड्या माणसांचं, मालक बरेचदा त्याच बांधावर. कापसाचं राज्य आलं ते १७९३ मध्ये सरकी काढायचं यंत्र निघाल्यावर. मग अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानात जमिनी फोडल्या गेल्या आणि व्हर्जिनिया-मेरिलंडमधले गुलाम तिकडे विकले जाऊ लागले. यादवी युद्धापर्यंतच्या ७० वर्षांत सुमारे १० लाख माणसं अशी हलवली गेली. कुणी साखळीत पायी, कुणी जहाजाने. आई व्हर्जिनियात, पोरगं लुइझियानात. समुद्र ओलांडल्यानंतरची ही दुसरी ताटातूट.

१७६७ च्या व्हर्जिनियात कापूस उभा केला की ही सगळी पायपीट पुसली जाते. गुलामगिरी म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत तसंच एक पांढरं शेत, असं वाटायला लागतं. पीक चुकलं की इतिहास चुकतो, मग भावना कितीही खरी असो.

जुफुरेचंही तेच. पडद्यावर ते जगापासून लांब, निष्पाप गाव आहे. प्रत्यक्षात इंग्रजांनी जवळच्या जेम्स बेटावरचा किल्ला १६६१ मध्येच घेतला होता. शेजारच्या अल्ब्रेडात फ्रेंचांची वखार. म्हणजे कुंटा पकडला गेला म्हणतात तोवर तिथे शंभर वर्षं इंग्रजांचा व्यापार चालू होता. गावाला गोरा माणूस म्हणजे काय हे ठाऊक होतं, आणि माणसं विकणारे काळे दलालही होते. हे दाखवल्याने गोऱ्या व्यापाऱ्याचं पाप एका रतीने कमी होत नाही. पण मग गाव खरं होतं.

---

मिरजकर

पिकाचं मला ठाऊक नव्हतं. तेवढं मान्य. जुफुरेचं नाही.

ज्यांना आपलं गाव कुठलं हेच माहीत नाही अशा कोट्यवधी लोकांना एक गाव मिळालं. त्यात दलाल किती होते हे त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकायला हवं होतं का? माणूस दोनशे वर्षांनी घरी आलाय, त्याला आधी ओसरीवर बसून पाणी पिऊ द्या.

---

अबोली_मेरिलंड

मी ॲनापोलिसपासून तासाभराच्या अंतरावर राहते. तिथल्या धक्क्यावर हेलींचा ब्राँझचा पुतळा आहे. चौथऱ्यावर उभा नाही, बसलाय. मांडीवर पुस्तक उघडं आणि समोर तीन वेगवेगळ्या वंशांची मुलं ऐकताहेत. मुलं आणि तो एकाच पातळीवर असल्याने जाणारे-येणारे त्यांच्या शेजारीच टेकतात. मागे बोटी, समोर आइस्क्रीमची दुकानं. पहिल्यांदा गेले तेव्हा हे बंदर म्हणजे तेच बंदर, हे पचायला मला वेळ लागला.

तरीही मी या वादात नदीकाठताईंच्या थोडी पुढेच उभी आहे. मला कप्तानापेक्षा ‘सत्यकथा’ हा शिक्का खटकतो.

वंशावळीच्या अभ्यासक एलिझाबेथ शोन मिल्स आणि त्यांचे पती गॅरी मिल्स यांनी व्हर्जिनियाचे कागद तपासले. वॉलर घराण्याकडचा टोबी नावाचा गुलाम (मालिकेत या मालकांचं आडनाव बदलून रेनॉल्ड्स केलंय) १७६२ च्या नोंदींतच सापडतो. जहाज आलं १७६७ ला. म्हणजे तो कुंटा असू शकत नाही. जुफुरेत ज्या वृद्ध केब्बा फोफानांनी किंटे घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवल्या, त्यांना हेली काय शोधत आलेत हे आधीच कळलेलं होतं. लंडनच्या ‘संडे टाइम्स’चे पत्रकार मार्क ओटावे यांनी हे १९७७ मध्येच बाहेर काढलं. शिवाय हॅरल्ड कूरलँडर यांच्या कादंबरीतले उतारे पुस्तकात आले म्हणून खटला झाला आणि १९७८ मध्ये ६,५०,००० डॉलर देऊन मिटवावा लागला.

हेली स्वतः या प्रकाराला तथ्य आणि कल्पित यांचं मिश्रण म्हणायचे. मग तेच पाटीवर लिहायचं होतं. ‘कादंबरी’ म्हटलं असतं तर एकाही माणसाचा हुंदका कमी झाला नसता. माझ्या ऑफिसातला एक सहकारी, एरवी भला माणूस, मला म्हणाला की ते सगळं खोटं निघालं ना? त्याला ‘सगळं’ म्हणायला जागा मिळाली, ती या शिक्क्यामुळे. मी त्याला जाहिरातीबद्दल सांगितलं, जहाजाबद्दल सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण पटलं नाही.

---

मिरजकर

अबोलीताई, फोफानांवरून सांगतो. आमच्याकडे हेळवी येतो. बैलावर बसून यायचा, आता मोटारसायकलवर येतो. वही उघडून आमच्या घराण्याच्या पिढ्या वाचतो: मूळ गाव कुठलं, कोण कुठून उठून आला, कुणाला किती मुलगे. माझे आजोबा त्याला पायलीभर ज्वारी आणि धोतर द्यायचे. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे का? वही त्याच्या पणजोबाने कधीतरी नव्याने उतरवून काढली असणार. मुलींची नावं तर नाहीतच. तरी तो वाचायला लागला की घरात कुणी बोलत नाही, आणि माझे वडील मान खाली घालून ऐकायचे.

ते ऐकणं मला खोटं म्हणता येत नाही. जुफुरेत त्या पिढ्या ऐकून हेलींना रडू फुटलं असेल तर त्याची तपासणी करायला मी कोण?

---

शनिवार पेठ

आपल्या घरातलंही बोला. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या माणसाला हा धागा दिसला होता. आणि आज आपण पेशवाईवरच्या मालिका बघतो त्यात नऊवारी, नथी, पैठणीचे काठ सगळं अभ्यासून, पण कुणबिणी (विकत घेतलेल्या दासी) कुठे आहेत?

पेशवे दप्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. व्यभिचाराचा ठपका ठेवून सरकारजमा केलेल्या बायका आहेत, वाड्यांवर, कोठ्यांत आणि किल्ल्यांवर राबायला पाठवलेल्या. मळ्यावरची गुलामगिरी आणि ही सारखी नाही, ते मी म्हणतही नाही. पण वाड्याच्या भव्य सेटवर दळण कुणी दळलं, पाणी कुणी भरलं, हे पुसून टाकायचं आणि दागिन्याची घडण मात्र अस्सल ठेवायची, याला मी तपशिलाची निष्ठा म्हणणार नाही. आपल्याकडे वाद कप्तानाचा नाही. आपल्याकडे जहाजच दाखवत नाहीत.

---

ओंकार_दा

शनिवार पेठ यांच्याशी शंभर टक्के सहमत. मलिक अंबरचंही तसंच. हबशी मुलगा, वयाने लहान असताना विकला गेला, बगदादवरून दख्खनेत आला, निजामशाहीचा कारभार हाकला, खडकी (पुढचं औरंगाबाद) वसवली. आपल्या पडद्यावर तो येतो ते बहुधा शत्रुपक्षातला एक सरदार म्हणून. त्याला विकणारा बाजार कधी येत नाही.

---

नदीकाठ

सगळ्यांचं दोनदा वाचलं.

मिरजकर, ओसरीवरच्या पाण्याचं तुमचं वाक्य माझ्या मनातून जात नाही. जुफुरेबद्दल मी माझा हट्ट सोडते. १९७७ मध्ये ते गाव तसं दाखवणं मला आता समजतं. पण २०१६ मध्ये ‘रूट्स’ नव्याने केली गेली तेव्हा पाणी पिऊन झालं होतं. तेव्हापासून पुढे दौलताबादींची मागणी रास्त आहे: पीक बरोबर हवं, किल्ला दिसायला हवा, दलालही.

हेळव्याबद्दल मात्र एक विचारते. तुमच्या वहीत मुलींची नावं नाहीत म्हणालात. समजा उद्या तुमच्या घराण्यावर मालिका केली आणि लेखकाने एक पणजी रचली, तिला नाव दिलं, बोलतं केलं. ते मला चालेल, आनंदाने चालेल. पण त्याच लेखकाने ज्या सावकाराने तुमची जमीन घेतली त्याला रात्रभर तळमळताना दाखवलं तर? पणजी रचणं आणि सावकाराची तळमळ रचणं, दोन्ही कल्पनाच. माझ्या लेखी ती एक नव्हे.

---

मिरजकर

नाही, एक नव्हे. आमच्या बाबतीत तर सावकार खरोखरच होता, आणि तो तळमळला नाही.

तरी कप्तानाबद्दल एक उरतंच. तो रचलेला डेव्हिस होता म्हणून काही लाख गोऱ्या घरांत दुसऱ्या रात्री टीव्ही लागला असेल, तर त्या घरांतल्या पोरांनी चाबकाचा प्रसंग पाहिला. हे मला तराजूत घालता येत नाही. तुम्हाला येतंय का?

---

नदीकाठ

येत नाही. मुलीने परवा विचारलं, की १४० मधले ९८ उतरले तर उरलेले ४२ कोण होते. मी म्हटलं, ५ जुलैला निघून २९ सप्टेंबरला जहाज लागलं, त्या ८६ दिवसांत ते गेले. ती म्हणाली, ते कळलं, नावं विचारतेय.