असलेला शेअर वरच्या भावात अजून घ्यावा का?

गिरगावकर_77
एका इंजिनिअरिंग कंपनीचे 100 शेअर 210 ला घेतलेले, दीड वर्ष झालं असेल, आता 380 चाललाय, रिझल्ट चांगले येतायत म्हणून अजून 50 घ्यायचं मनात आहे पण ॲपमध्ये खरेदीचं ॲव्हरेज एकदम 266 च्या वर जाणार ते बघून हात धजत नाही. आणि नंतर थोडे विकले तर टॅक्स या ॲव्हरेजवर लागतो का?

कांजूर_स्लो
ॲव्हरेज बिघडतंय हे काय कारण झालं का राव? जुन्या 100 वरचा 17,000 चा नफा कुठे जात नाही. तुझ्याकडे एकही शेअर नसता तर आज 380 ला घेतला असतास का एवढंच बघ. गंमत म्हणजे हाच शेअर 120 ला आला असता तर हीच पब्लिक ॲव्हरेज करतोय म्हणत खुशाल पैसे ओतत बसली असती.

मुलुंड_ईस्ट
टॅक्सला ॲपमधलं ॲव्हरेज चालत नाही, डीमॅटमध्ये फिफो लागतं, म्हणजे आधी आलेले आधी गेले. उद्या 50 विकलेस तर ते 210 वालेच धरणार, 12 महिन्यांच्या वर झालेत म्हणून लाँग टर्म, वर्षाला सगळे शेअर आणि इक्विटी फंड मिळून सव्वा लाखापर्यंतचा असा नफा माफ, त्याच्या वर साडेबारा टक्के. नवीन 50 चे 12 महिने मात्र नव्याने मोजायचे, त्याआधी त्यांचा नंबर लागला तर 20 टक्के. (23 जुलै 2024 पासूनचे रेट आहेत हे, आधी 10 आणि 15 होते.)

गिरगावकर_77
अच्छा म्हणजे नवीन 50 घेऊन महिन्याभरात तेच विकायचे म्हटलं तरी जुनेच जाणार?

मुलुंड_ईस्ट
हो. फिफो प्रत्येक डीमॅटचं वेगळं असतं, म्हणून काही जण ट्रेडिंगचा माल दुसऱ्या डीमॅटमध्ये ठेवतात. पण 50 शेअरसाठी दुसऱ्या खात्याचा वर्षाचा मेंटेनन्स भरणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

लालबागचा_पोऱ्या
भाऊ एकूण पोर्टफोलिओ केवढा आहे ते कोणी विचारलंच नाही. 150 शेअर म्हणजे आजच्या भावाने 57,000, सगळे मिळून दीड लाख असतील तर एकाच कंपनीत तिसऱ्या हिश्श्याच्या वर अडकतोयस. आणि बीएसईच्या साइटवर दर तिमाहीचा शेअरहोल्डिंग पॅटर्न (कोणाकडे किती शेअर) असतो, त्यात प्रमोटरने म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांनी शेअर गहाण (प्लेज) ठेवलेत का बघ, प्लेज वाढत असेल तर मी तरी एकही घेणार नाही, रिझल्ट कितीही भारी असू दे.

गिरगावकर_77
पोर्टफोलिओ चार लाखांच्या आसपास आहे. प्लेज आत्ता बघितलं, शून्य आहे. 25 घेतो, बाकीचे पुढच्या रिझल्टनंतर.